जंगम की स्थावर? घरातल्या माणसामागे राहिलेल्या मालमत्तेची कागदपत्रं करणाऱ्यांसाठी

घरातलं कर्तं माणूस गेलं की दिवसकार्य आटोपतं न आटोपतं तोच कागदांची धावपळ सुरू होते. गावाकडे पहिली चक्कर तलाठ्याकडे होते, कारण सातबाऱ्यावर वारसनोंद करायची असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग तोच फेरफाराचा उतारा घेऊन माणसं बँकेत जातात आणि तिथून हात हलवत परत येतात. बँकेतला माणूस आडमुठा असतो असं नाही. फेरफार हा जमिनीचा कागद आहे आणि बँकेतली ठेव ही जंगम मालमत्ता आहे. दोन्हींचे कायदे वेगळे, दारं वेगळी.

आमच्या मामांच्या मागे मामींच्या वतीने हे सगळं करायचं काम माझ्याकडे आलं. थोडा ऊस, बांधावरचा साग, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, दोन बँका आणि एका पतसंस्थेतल्या ठेवी, थोडे शेअर, घरातलं सोनं. आपल्याकडच्या बहुतेक घरांची मालमत्ता अशीच मिश्र असते. यातली कुठली गोष्ट जंगम आणि कुठली स्थावर हे आधी ठरवलं की निम्म्या चकरा वाचतात, म्हणून त्या क्रमानेच लिहितो आहे. मी वकील नाही. मोठी रक्कम किंवा घरात वाद असेल तर वकील लागणारच. पण वकिलाकडे जाताना यादी तयार असेल तर तुमचे पैसेही वाचतात.

१. आधी यादी, मग चकरा

एक वही घ्या आणि रकाने आखा: वस्तू काय, कुठे आहे, कोणाच्या नावावर आहे, कागद कोणता, नॉमिनी कोण, तिच्यावर कर्ज आहे का. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात आणि सगळ्यात जास्त तिथेच अडकतात.

यादी आठवणीतून करू नका. पासबुकं चाळा, मोबाईलवरचे बँकेचे मेसेज बघा, आयकर विवरणपत्र भरत असतील तर त्यात व्याजाच्या नोंदी असतात. एलआयसीचे बाँड, साखर कारखान्याचा शेअर दाखला, सोसायटीच्या पावत्या, आरसी बुक, सोनाराची बिलं सगळं एका पिशवीत येऊ द्या. जुन्या ठेवींचा पत्ता लागत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधा. दहा वर्षं कोणी न विचारलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात, पण वारसाचा हक्क त्यामुळे संपत नाही. त्याच बँकेकडे मागणी करायची. पतसंस्था या पोर्टलवर सापडणार नाहीत, कारण त्या बँका नाहीत. तिथे प्रत्यक्ष जाऊनच विचारावं लागतं.

लोकांकडून येणं असलेले पैसेही लिहा. उसनवारी, कारखान्याकडून यायचं ऊसबिल, भाडेकरूकडे थकलेलं भाडं. ही सगळी जंगम मालमत्ताच आहे.

२. कायद्याची व्याख्या

जंगम मालमत्तेची व्याख्या उलटीकडून केलेली आहे. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ३ मध्ये स्थावर मालमत्ता म्हणजे काय ते आधी सांगितलं आहे: जमीन, जमिनीतून मिळणारे लाभ, जमिनीला जोडलेल्या वस्तू, आणि जमिनीला जोडलेल्या वस्तूला कायमच्या पक्क्या केलेल्या वस्तू. मग जंगम म्हणजे काय, तर स्थावर सोडून बाकीची प्रत्येक प्रकारची मालमत्ता. म्हणून प्रश्न नेहमी असा विचारायचा: ही गोष्ट स्थावराच्या चौकटीत बसते का? नसेल बसत तर ती जंगम.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३ ने यात एक मोठा अपवाद घातला: तोडीचं उभं लाकूड, शेतातलं उभं पीक आणि गवत हे स्थावरात धरायचं नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ आणखी पुढे जातो आणि झाडावरची फळं, झाडातला रस हेसुद्धा जंगम म्हणतो. मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये शेअर आणि उभं पीक हे ‘माल’ आहेत, आणि जमिनीला जोडलेली जी वस्तू विक्रीच्या करारानुसार सुटी करून द्यायची आहे तीसुद्धा ‘माल’च.

फौजदारी बाजूलाही हाच भेद आहे. चोरी फक्त जंगम मालमत्तेची होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे, आणि त्यात जुनाच नियम टिकला आहे: जमिनीला जोडलेली वस्तू जोवर जोडलेली आहे तोवर तिची चोरी होत नाही, सुटी केली त्या क्षणापासून होऊ शकते. नदीतली वाळू जागेवर आहे तोवर जमिनीचा भाग. परवानगीशिवाय उपसून ट्रॉलीत भरली की ती जंगम झाली आणि चोरीचा गुन्हा लागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं.

तेव्हा ‘जंगम आहे का’ असं नुसतं विचारू नका. ‘कशासाठी’ हेही विचारा. नोंदणीसाठी, मुद्रांकासाठी, करासाठी आणि फौजदारीसाठी उत्तर थोडं इकडेतिकडे होऊ शकतं.

३. उभा ऊस, आंब्याची फळं आणि बांधावरचा साग

ऊस, ज्वारी, सोयाबीन, भाजी: उभं पीक जंगम. जमीन विकताना मात्र पिकाचं काय करायचं ते खरेदीखतात स्पष्ट लिहा. ‘उभ्या पिकासह’ किंवा ‘या हंगामाचं पीक काढून नेण्याचा हक्क विकणाऱ्याचा’ एवढं एक वाक्य पुढची भांडणं वाचवतं.

बागेचा एका हंगामाचा फळांचा सौदा हाही जंगमाचा व्यवहार, त्याला नोंदणी लागत नाही. पण बाग पाच-सात वर्षांसाठी दिली, तिची निगा राखायची, दर वर्षी येऊन माल न्यायचा, असा करार असेल तर तो जमिनीतून मिळणाऱ्या लाभाचा करार होऊ लागतो आणि स्थावराकडे झुकतो. ओडिशातल्या जंगलातून वर्षानुवर्षं बांबू तोडून नेण्याच्या टिटागढ पेपर मिल्सच्या करारात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये असंच ठरवलं. चिल्का सरोवरातली मासे धरण्याची सनदही न्यायालयाने १९५५ मध्ये स्थावरातच धरली. मासा हातात आला की जंगम, पण पाण्यात उतरून मासे धरण्याचा हक्क जमिनीचा. असा बहुवार्षिक करार साध्या स्टॅम्पपेपरवर करून समाधान मानू नका, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा.

झाडांबाबत सगळा खेळ हेतूचा आहे. शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या १९५८ च्या खटल्यात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी ते नीट उलगडून सांगितलं. झाड लवकरच तोडायचं असं ठरलेलं असेल तर ते ‘उभं लाकूड’, म्हणजे जंगम. ते जमिनीतून पोषण घेत वाढत राहणार असेल, तर साग असला तरी ते झाड म्हणजे स्थावर. म्हणून मामांच्या बांधावरचा साग जमिनीबरोबर वारसांकडे गेला. व्यापाऱ्याबरोबर तोडीचा सौदा आधीच झालेला असता तर गणित बदललं असतं. फळझाडं, मग तो हापूस असो की फणस, सहसा लाकडासाठी लावलेली नसतात, त्यामुळे झाड स्थावर आणि फळं जंगम.

इथे एक सापळा आहे. सौद्यापुरता साग जंगम ठरला म्हणून तो मोकळेपणाने तोडता येत नाही. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचं नियमन करणारा १९६४ चा अधिनियम आहे आणि साग त्याच्या अनुसूचीत येतो. खाजगी जमिनीतलाही साग परवानगीशिवाय तोडायचा नाही, आणि माल हलवायला वन विभागाचा वाहतूक पास लागतो. व्यापारी ‘कागदांचं मी बघतो’ म्हणाला तरी परवानगीची प्रत स्वतःच्या हातात आल्याशिवाय करवत लावू देऊ नका.

४. बोल्टने आवळलेली यंत्रं

मामांची गिरणी बघू. सिमेंटचा गुडघाभर कट्टा, त्यात पुरलेले चार फाउंडेशन बोल्ट, त्यांवर आवळलेली चक्की, बाजूला मोटार, मधे पट्टा. हे जमिनीला ‘जोडलेलं’ आहे ना? मग स्थावर?

नाही. यंत्र कशासाठी आवळलं हे न्यायालयं बघतात. सॉलिड अँड करेक्ट इंजिनिअरिंग वर्क्सच्या २०१० च्या निकालात डांबर मिसळण्याच्या प्लांटचा प्रश्न होता. दीड फूट खोल पायावर तो नट-बोल्टने बसवलेला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चालताना थरथरू नये म्हणून दिलेला हा आधार आहे, जमिनीशी कायमची जोडणी नव्हे. काम संपलं की प्लांट उचलून दुसरीकडे नेता येतो, म्हणून तो जंगम. गिरणीला हेच लागू पडतं. बोल्ट सोडा, टेम्पोत घाला, दुसऱ्या गावात सुरू करा.

उलट उदाहरणही आहे. डंकन्स इंडस्ट्रीजच्या खटल्यात उत्तर प्रदेशातला अख्खा खत कारखाना विकला गेला होता. यंत्रं जंगम आहेत, नुसती ताब्यात दिली, त्यांवर मुद्रांक शुल्क कशाला, असं घेणाऱ्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. तो कारखाना त्या जागी कायम चालवण्यासाठीच उभारला होता आणि चालू कारखाना म्हणूनच विकला गेला. म्हणून ती यंत्रं स्थावरात धरली गेली.

अलीकडचा निकाल २० नोव्हेंबर २०२४ चा, भारती एअरटेल विरुद्ध पुण्याचे केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्त. मोबाईलचा टॉवर स्थावर, असं मुंबई उच्च न्यायालयाने आधी म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: टॉवर सुटा करून, नुकसान न करता, दुसरीकडे उभारता येतो आणि बाजारात विकता येतो, तेव्हा तो जंगम. त्या निकालातल्या कसोट्या घरच्या वस्तूंनाही लावून बघण्यासारख्या आहेत:

- जोडणी कशी आहे? बोल्ट की चिरेबंदी बांधकाम?
- जोडली कशासाठी? वस्तू नीट चालावी म्हणून, की जागेचा कायमचा उपयोग वाढावा म्हणून?
- मालकाचा हेतू काय होता? काही वर्षांपुरता की कायमचा?
- काढली तर मोडते का?
- काढल्यावर बाजारात विकली जाते का?

यावरून शेतावरच्या गोष्टी बघा. विहीर स्थावर. विहिरीवरची मोटार आणि स्टार्टर जंगम. पुरलेली पाइपलाइन मी जमिनीबरोबर धरतो, कारण ती उकरून काढली तर निम्मी फुटते आणि ती त्या रानासाठीच पुरलेली असते. ठिबकच्या नळ्या वर अंथरलेल्या, त्या जंगम. घराच्या बाबतीत कायद्याने गंमतशीर वाटावा इतका बारकावा लिहून ठेवला आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ८ सांगतं की घर दिलं की त्याबरोबर कुलपं, किल्ल्या, गज, दारं, खिडक्या आणि कायमच्या वापराच्या अशाच वस्तू आपोआप जातात, वेगळं लिहिलं नसेल तर. तेव्हा घर विकताना जुन्या वाड्याचा कोरीव दरवाजा काढून न्यायचा असेल तर ते आधी लिहून घ्या.

गिरणी भाड्याच्या गाळ्यात असेल तर कलम १०८ लक्षात ठेवा. भाडेकरूने बसवलेल्या वस्तू जागेचा ताबा सोडण्यापूर्वी त्याला काढून नेता येतात, जागा होती तशी करून द्यावी लागते. ‘ताबा सोडण्यापूर्वी’ हे शब्द महत्त्वाचे. किल्ली मालकाच्या हातात दिल्यावर चक्की मागायला गेलात तर वाद तुमच्या पदरी.

५. डोळ्यांना न दिसणारी जंगम मालमत्ता

मुदत ठेव, बचत खातं, शेअर, म्युच्युअल फंडाची युनिटं, विम्याची रक्कम हे सगळं जंगम. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ४४ मध्ये शेअर ही जंगम मालमत्ता असल्याचं सरळच लिहिलं आहे. थकलेलं भाडं हे येणं, म्हणून जंगम. पुढचं भाडं घेण्याचा हक्क मात्र जागेबरोबर जातो.

सगळ्यात मोठा गोंधळ सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या फ्लॅटचा. हातात असतो दहा शेअरांचा दाखला, म्हणून काहींना वाटतं हे कंपनीच्या शेअरसारखंच, नुसता अर्ज दिला की झालं. तो दाखला फ्लॅटच्या हक्काला चिकटलेला आहे आणि फ्लॅट स्थावर आहे. फ्लॅटचा व्यवहार नोंदणीकृत दस्तानेच होतो आणि त्यावर पूर्ण मुद्रांक शुल्क लागतं.

६. कोणत्या वस्तूसाठी कोणतं दार

आधी सगळीकडे लागणारे कागद गोळा करा:

- मृत्यू दाखला, निदान दहा मूळ प्रती
- मृताचं आणि सगळ्या वारसांचं आधार आणि पॅन
- रेशनकार्ड, वारसांची नाती दाखवणारा कोणताही सरकारी कागद
- ज्याच्या खात्यात पैसे घ्यायचे त्याचा रद्द केलेला धनादेश
- वारसांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र (बँक किंवा कंपनी आपापला नमुना देते, तोच वापरा)
- मूळ पासबुक, ठेवपावत्या, आरसी बुक, शेअर दाखले

स्टॅम्पबद्दल एक सूचना. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर भागायचं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा बऱ्याच दस्तांना पाचशेचा मुद्रांक लागतो. सरकारी दाखल्यांसाठी आणि न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्काची माफी आहे, तिथे कोणी पाचशेचा स्टॅम्प आणायला लावत असेल तर विचारा.

*बँक.* नॉमिनी असेल तर काम सोपं: मृत्यू दाखला, नॉमिनीची ओळख, अर्ज. नॉमिनी नसेल तरी दर वेळी कोर्टात जावं लागत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांप्रमाणे व्यापारी बँकांनी १५ लाखांपर्यंतचा आणि सहकारी बँकांनी ५ लाखांपर्यंतचा दावा सोप्या पद्धतीने, कोर्टाचा कागद न मागता निकाली काढायचा आहे, आणि सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत. शाखेत हे माहीत नसेल तर वाद न घालता लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

*वाहन.* मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वाहन नावावर करून घ्यायचं. ट्रॅक्टरवर कर्ज असेल तर ते फेडल्यावर फॉर्म ३५ आणि वित्त कंपनीचा ना हरकत दाखला घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. विम्याची पॉलिसीही वारसाच्या नावावर करायला विसरू नका. गेलेल्या माणसाच्या नावाच्या पॉलिसीवर गाडी रस्त्यावर आणणं हा फार मोठा धोका आहे.

*शेअर.* डीमॅट असेल तर ब्रोकरकडे किंवा डिपॉझिटरी सहभागीकडे हस्तांतराचा अर्ज. नॉमिनी नसेल तर डीमॅट खात्यातल्या १५ लाखांपर्यंत आणि कागदी शेअर असतील तर प्रत्येक कंपनीमागे ५ लाखांपर्यंत सोपे कागद चालतात.

*साखर कारखाना, विकास सोसायटी, पतसंस्था.* महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० खाली सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचा हितसंबंध नॉमिनीकडे किंवा वारसाकडे वर्ग होतो. ऊसबिल अडकू नये म्हणून हे काम हंगाम सुरू होण्याआधी उरका.

७. सक्सेशन सर्टिफिकेट

रक्कम मर्यादेपेक्षा जास्त असेल, नॉमिनी नसेल किंवा वारसांत मतभेद असतील तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं. हे फक्त येणी आणि रोख्यांसाठी असतं: ठेवी, शेअर, डिबेंचर, येणं पैसे. घरातल्या सोन्यासाठी, गिरणीसाठी किंवा शेतासाठी ते मिळत नाही. महाराष्ट्रात याशिवाय १८२७ च्या मुंबई विनियमाखाली कोर्टातून वारस प्रमाणपत्र मिळतं, ते वारस कोण एवढंच ठरवतं. तहसीलचा वारस दाखला आणखी वेगळा. बँकेने नेमका कोणता कागद मागितला आहे ते लेखी घ्या, नाहीतर एक कागद काढून झाल्यावर दुसरा निघतो.

अर्ज मृताचं नेहमीचं वास्तव्य जिथे होतं तिथल्या न्यायालयात करायचा. त्यात मृत्यूची तारीख, वास्तव्य, जवळचे सगळे नातेवाईक, तुमचा हक्क कसा आणि येण्यांची-रोख्यांची यादी लिहावी लागते. मग बाकीच्या वारसांना नोटीस जाते, सहसा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते, पुरावा होतो आणि आदेश निघतो. कोर्ट फी रकमेप्रमाणे वाढते.

नातेवाईकांच्या यादीत कोणाला गाळू नका. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलगा, मुलगी, विधवा आणि मृताची आई येतात. ‘बहिणीचं लग्न झालंय, तिचं कशाला’ असं म्हणणारे अजून भेटतात. आजी हयात असेल तर तिचंही नाव विसरतात. नाव लपवून काढलेलं प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, आणि त्याहून वाईट म्हणजे घर तुटतं.

प्रमाणपत्र भारतभर चालतं. मागाहून एखादी ठेव सापडली तर नवा अर्ज करायची गरज नाही, कलम ३७६ खाली त्याच प्रमाणपत्राची व्याप्ती वाढवून मिळते.

८. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

नॉमिनी पैसे घेतो, पण ते वारसांसाठी. बँकेच्या बाबतीत हे जुनंच आहे. शेअरबद्दल शंका होती ती शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या मुंबईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये मिटवली: नॉमिनीला मालकी मिळत नाही, वारसाहक्काचा कायदाच चालतो. जीवन विम्यात २०१५ पासून थोडा फरक आहे. आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते पैशांचे लाभार्थीही ठरतात.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. घरातल्या हयात माणसांची खाती या निमित्ताने तपासून घ्या.

९. सोनं आणि लॉकर

लॉकरचा नॉमिनी असेल तर बँक साक्षीदारांसमक्ष आतल्या वस्तूंची यादी करते आणि मग ताबा देते. आतलं सीलबंद पाकीट बँक उघडायला लावत नाही. यादीची प्रत मागा आणि सगळ्या वारसांना दाखवा.

घरातल्या सोन्याची मालकी नावावर नसते, म्हणून वाद इथेच पेटतो. मामींच्या अंगावरचे, माहेरहून आलेले, लग्नात मिळालेले दागिने हे त्यांचं स्त्रीधन. ते मामांच्या मालमत्तेत धरायचेच नाहीत, आणि वाटणीच्या बैठकीत हे सगळ्यात आधी बोलून घ्या. उरलेल्या सोन्याची वाटणी तोंडी होऊन मग ‘अशी वाटणी झाली’ अशी याद लिहिली, सगळ्यांनी सह्या केल्या, की ती चालते. त्याच कागदात जमिनीची नवी वाटणी घुसवू नका, कारण मग नोंदणीचा प्रश्न उभा राहतो.

१०. कर्ज, नजरगहाण आणि जप्ती

सोनं गहाण ठेवलं की ते बँकेच्या ताब्यात जातं. ट्रॅक्टर मात्र आपल्याच दारात राहतो आणि बँकेचा बोजा त्यावर असतो, याला नजरगहाण म्हणतात. अशी वस्तू बोजा उतरल्याशिवाय विकू नका. मृताचं कर्ज फेडण्याची वारसांची जबाबदारी वारसात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. वसुलीवाले तुमच्या पगारावर बोट ठेवू लागले आणि तुम्ही जामीन नसाल, तर हे त्यांना ठामपणे सांगा.

न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जप्ती आली तरी सगळी जंगम मालमत्ता नेता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, लागणारी गुरं आणि बियाणं जप्तीतून वगळतं. धर्मरिवाजाप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिनेही वगळलेले आहेत. मंगळसूत्रावर कोणी हात टाकू शकत नाही हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

११. अज्ञान मुलं, परदेशातले वारस आणि गोवा

वारसांत अज्ञान मूल असेल तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे त्याची स्थावर मालमत्ता विकायला किंवा गहाण टाकायला पालकाला आधी न्यायालयाची परवानगी लागते. जंगमासाठी त्या कलमात अशी अट नाही, पण पैसा मुलाच्या हिताचाच राहिला पाहिजे. मुलाच्या वाट्याची रक्कम त्याच्याच नावाने ठेवीत टाकणं सगळ्यात स्वच्छ.

वारस परदेशात असेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवा, आणि ते नेमक्या कोणत्या खात्यांसाठी, कोणत्या वाहनासाठी आहे ते त्यात लिहायला लावा. मोघम मुखत्यारपत्र बँका परत पाठवतात. गेलेलं माणूसच परदेशात कायमचं स्थायिक झालेलं असेल तर वकिलाला आधी गाठा: इथल्या जमिनीला इथला कायदा, पण जंगम मालमत्तेला साधारणपणे त्या माणसाच्या कायम अधिवासाच्या देशाचा कायदा लागतो.

गोव्यातल्या वाचकांसाठी यातला वारसाचा भाग जसाच्या तसा नाही. तिथे पोर्तुगीज काळापासून आलेली पद्धत आहे. वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरतात आणि मागे राहिलेल्या जोडीदाराचा निम्मा वाटा आधीच त्याचा असतो. वारस ठरवण्याचा दस्त विशेष नोटरीकडे होतो आणि वाटणीसाठी न्यायालयात इन्व्हेंटरीची कार्यवाही चालते. तिथे जंगम आणि स्थावर दोन्हींची यादी एकाच कार्यवाहीत द्यावी लागते, म्हणून पहिल्या पायरीवरची वही तिथे जास्तच कसून भरा.